गळतीची वाटणी

तारेत सोडलेली वीज आणि घरोघरच्या मीटरांत उतरलेली वीज यांतल्या फरकाला वीज कार्यालय गळती म्हणतं. ज्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या ज्या वाहिनीवर, गळती जास्त, तिथं भारनियमन जास्त. आसेगावच्या बाजूच्या आमच्या गावाला एकच फीडर. त्यामुळे तारेवर आकडे टाकून वीज चोरणारे आणि बिल भरणारे सारखेच अंधारात. आकडेवाल्यांना निदान बिलाचा ताप नव्हता.

मी निवृत्त शिक्षक. 'नियमित ग्राहकांवर अन्याय' असा दोन पानी अर्ज लिहिला, त्यात 'समन्याय' हा शब्द चार वेळा घातला. पहिली सही केली खालच्या गल्लीतल्या शिंप्यानं. माझे शर्ट वर्षानुवर्षं तोच शिवतो. वाचायला दिला तर म्हणाला, "तुमी लिवलं ना गुरुजी? मंग मले कायले वाचा लागते?"

वर्षभर कार्यालयात एकच उत्तर मिळालं: बघू. मग एक दिवस कार्यालयाचे साहेब स्वतः गावात आले. जीप फाट्यावर दिसताच चहावाल्याचा फोन आला आणि दारामागच्या काठ्यांनी गावभरचे आकडे शिस्तीत खाली उतरवले. मांडव, शाल, नारळ, डीपीलाही हार. साहेबांनी माझ्या भाषेचं कौतुक करून निर्णय सांगितला: वरची गल्ली, म्हणजे आम्ही पगार-पेन्शनवाले, दुसऱ्या फीडरवर. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

गणित चौथीचं होतं, मी ते केलं नव्हतं. भरणारे बाहेर पडले, उरलेल्यांत गळतीचं प्रमाण वाढलं, आणि खालच्या गल्लीची दुपारची वीजही गेली. शिंप्याचं मशीन मोटरवर चालायचं. शाळेच्या गणवेशांचं काम त्यानं माझ्या अर्जाच्या भरवशावर घेतलं होतं.

मी गेलो तेव्हा तो पायानं मशीन मारत होता. गुडघा सुजलेला.

"साहेबाले सांगा न गुरुजी, मी बी बिल भरतो म्हनून."

"पुन्हा अर्ज करावा लागेल."

"केला होता न. पयली सही माहीच हाय." तो हसला. "मंग असं करू. शाळा उघडेपावतर मशीन तुमच्या वसरीत आनून ठेवतो. लाइनचं बिल मी देईन."

आमच्या ओसरीत पंख्याखाली माझी आरामखुर्ची असते.

"बघू," मी म्हणालो.

गणवेश शेवटी मंगरूळपीरच्या दुकानातून आले.