मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, हसतमुख

पाणीपुरवठा कार्यालयात कुणी निवृत्त झालं की निरोपाचं भाषण हेडक्लार्क भाऊसाहेब लिहीत. शिपाई असो वा साहेब, त्यांच्या भाषणात माणूस मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष आणि हसतमुखच निघे. पंपावरच्या मिस्त्रीशी त्याची बायकोसुद्धा जपून बोलायची, पण तोही मनमिळाऊ ठरला होता. टाळ्या पडत, आणि भाऊसाहेबांची कॉलर ताठ होई.

मग नवी टायपिस्ट आली. मीटर वाचणाऱ्याच्या निरोपाला भाऊसाहेब तापाने घरी होते, म्हणून भाषण तिने लिहिलं. आधी चार जणांना विचारलं, हा माणूस दिवसभर करतो काय? मग लिहिलं, "हे दारात आले की कुत्री भुंकायची थांबतात आणि माणसं कुरकुरायला लागतात. एकट्या म्हातारीचं मीटर मात्र ते तिची बादली भरून दिल्यावरच वाचतात." आधी सगळे हसले, मग मीटरवाला रडला.

भाऊसाहेबांना हे कळलं आणि उतरलेला ताप पुन्हा चढला. "कुत्री काय, बादली काय! ही काय भाषा झाली?" ते बायकोवर डाफरले.

बायको म्हणाली, "ते बादलीचं परत सांगा ना."

त्या दिवसापासून ते जळू लागले. भाषणं आता टायपिस्टकडेच जाऊ लागली आणि भाऊसाहेब पहिल्या रांगेत तोंड पाडून बसू लागले. एकदा त्यांनीही चोरून तिच्यासारखं लिहायचा प्रयत्न केला. खिडकीबाहेरच्या झाडाकडे टक लावून बसले, पण 'हिरवेगार'च्या पुढे गाडी सरकेना. कागद चुरगळला आणि ती पोरगी त्यांच्या डोळ्यांत आणखीच खुपू लागली.

होता होता त्यांचीच निवृत्ती आली. मनात एकच होतं, आपल्यावर तिने लिहावं. पण साहेबांनी विचारलं तेव्हा ते तोऱ्यात म्हणाले, "माझ्या वेळी तो थिल्लरपणा नको." साहेब आग्रह करतील अशी त्यांची अटकळ होती. साहेब "बरं" म्हणाले.

समारंभात साहेबांनी वाचलं, "भाऊसाहेब मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, हसतमुख..." हसतमुखला मागे कुणीतरी खोकलं. "तुमच्याच जुन्या भाषणांतून घेतलंय, एक शब्द बदलला नाही," साहेब कौतुकाने म्हणाले. टाळ्या पडल्या. भाऊसाहेबांना रडू आलं, आणि लोकांना वाटलं, भारावलेत.

सगळे पांगल्यावर त्यांनी जिन्यात टायपिस्टला गाठलं. "तू काय लिहिलं असतंस गं?"

"मला तर बंदी होती ना, भाऊसाहेब."

"तरी?"

ती जरा घुटमळली. "दुसऱ्याचं भाषण चांगलं झालं की हे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतात, चुकून टाळी वाजेल म्हणून."

भाऊसाहेबांचे कान लाल झाले. "परत सांग," ते म्हणाले.

घरी पोचेपर्यंत ते वाक्य मनात घोळवत राहिले. बदलण्याजोगा एकही शब्द त्यांना त्यात सापडला नाही.