जिमवाल्यांची पावडर आणि कॅलेंडरवरच्या फुल्या

मंडळी, दुपारपासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

एव्हरशाईन भागात माझं मेडिकल आहे. आज जूचंद्र गावाहून एक बाई आल्या आणि ग्लुटामिनची पावडर मागितली. ती माझ्याकडून जिमची मुलंच नेतात. मी बोलून गेले, "ताई, ही बॉडी बनवायची पावडर आहे."

त्यांनी शांतपणे डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. हातपाय इतके दुखतात की शाळा बुडते. नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला ही पावडर दिलीय.

मी ओशाळले. विचारलं, "फरक पडतो का?"

त्यांनी मोबाईलवर घरच्या कॅलेंडरचा फोटो दाखवला. आपण दुधाचा खाडा मांडतो, तशा त्यांनी दुखण्याच्या दिवसांवर फुल्या मारल्या होत्या. अलीकडे फुल्या विरळ दिसत होत्या.

"बघा, गुण आला की," मी म्हटलं.

"तेच तर कळत नाय. थंडीत तिला जास्त दुखतं. पावडर चालू केली, नि थंडी पन सरली. मग गुण कोनाचा?"

 इतकी वर्षं मी काउंटरवरून "याने बरं वाटेल" सांगत आलेय. तुमच्यापैकी कुणी कधी अशा फुल्या मारून पाहिल्यात का?