करपलेला ग्लू
करपलेल्या ग्लूचा वास आला की गौलीगुड्यातला खोक्यांचा कारखाना आठवतो. तिथं मशीनवरचा माझा जोडीदार एकदा हीटर चालू ठेवूनच जेवायला गेला, आणि खोकी चिकटवायच्या मशीनच्या टाकीतला ग्लू जळून नोझल तुंबलं. त्याची नोकरी जाऊ नये म्हणून मी मशीन थंड व्हायची वाट न बघता नोझल उघडलं आणि हात भाजून घेतला. तो धावत आला. "दुखतंय का रे?" म्हणत माझ्या हाताला ओला रुमाल गुंडाळू लागला. तेवढ्यात मालक आले. "कौन जलाया ये?" रुमालाची गाठ मारता मारता माझ्याकडे मान वळवून तो म्हणाला, "साब, इनेच हीटर बंद करना भूल गया." माझी नोकरी गेली, पुढे दुसरी मिळालीही. पण अजून कुणी मायेनं जवळ आलं, की मी आधी हात मागे घेतो.