जिभेवरची कच

"साखरामावशी, तीनदा माज्या डोळ्यातून कच काढून दावलीस. कुठून आणलीस ती?"

महानंदानं कामावरच्या सगळ्या बायांदेखत विचारलं. निलंग्याजवळच्या दुष्काळी कामावर खडी फोडताना तिचा डोळा अंधारला, तेव्हा डोळ्यातला कण काढून देणाऱ्या साखराबाईनं तो तीनदा जिभेनं चाटून जिभेवर दगडाची कच दाखवली होती. त्या भरवशावर वर्ष गेलं अन् डोळा बाहेर आला. काल नव्या जिल्ह्याच्या गावी, लातूरला, डॉक्टर म्हणाला, कच नव्हतीच. डोळ्यामागच्या नसेभोवती गाठ वाढलीय. लवकर आली असतीस तर मशीनच्या किरणांचा शेक देऊन नजर राखायला बघितलं असतं. आता गाठ काढायची, नजर गेलीच.

"रिकामी जीभ दावली असती तर तुला पटलं असतं व्हय?" साखराबाई तंबाखू मळत म्हणाली.

"मला दवाखाना तरी सुचला असता. तुज्या जिभेची अब्रू राखायला माजा डोळा गेला म्हण की."

महानंदा तिच्याकडं आंधळा डोळा करून बसली, धोंडा पुढ्यात ओढला अन् हातोडा घातला.