शंभराला एक जास्त

गाडी घरी आणली तेव्हा तिच्यात अळंबी उगवलेली होती, असं युसूफचाचा सांगतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की म्हातारा रंगवून सांगतोय. पण त्यात रंगवण्यासारखं काही नाही. ती १९६५ सालची छोटी विलायती मॉरिस आहे. पुढून इतर जुन्या गाड्यांसारखीच दिसते, पण पुढच्या दारांमागचा तिचा सगळा सांगाडा लाकडाचा आहे. हे लाकूड शोभेचं नाही. ते कुजलं तर मागचं छप्पर खाली येतं. मागे कपाटासारखी दोन दारं उघडतात आणि आत सामानाला लांबलचक जागा आहे. विलायतेत त्या जागेत काय ठेवायचे ते ठाऊक नाही. येरवड्यात चाचा तिच्यातून परकर नेतात.

परकर मदिनाबींचे, म्हणजे चाचींचे. पस्तीस वर्षं त्या घरी परकर शिवतात आणि दर गुरुवारी गठ्ठे स्वारगेटजवळच्या एका दुकानात पोचतात. रिक्षावाले गठ्ठे बघून हात दाखवायच्या आतच पुढे निघून जातात. बसमध्ये एकदा कंडक्टरनं विचारलं होतं की गठ्ठ्यांचं तिकीट पूर्ण काढायचं की अर्धं. तेव्हापासून गाडी. ती गुरुवारी निघाली नाही तर चाचींचं शिवणकाम घरातच साठतं, आणि मग चाचांनी बसायचं कुठे हा प्रश्न उभा राहतो.

मी त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू. मूळची मांजरी गावची, घरची शेती, शिक्षण मेकॅनिकलचं. नोकरीत दिवसभर संगणकावर पंपांच्या भागांची ड्रॉइंग्ज काढते आणि आयुष्यात एकही पंप स्वतः उघडलेला नाही. चाचांचं उलट. हडपसरच्या एका फाउंड्रीत ते छत्तीस वर्षं पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा, तो आधी हुबेहूब लाकडात करायचा, हे त्यांचं काम. तो लाकडी नमुना वाळूत दाबून साचा करतात आणि त्यात लोखंड ओततात. म्हणजे हजारो यंत्रांचा जन्म त्यांच्या हातून झाला आणि एकावरही त्यांचं नाव नाही. कारखान्याचं आहे, ठसठशीत, उठावाच्या अक्षरांत. ती अक्षरंही चाचांनीच कोरलेली.

गाडी त्यांना एका डॉक्टरीणबाईंकडून मिळाली. बाई परदेशी निघाल्या होत्या आणि अळंबीसकट गाडी कोणी घेत नव्हतं. गॅरेजवाला म्हणाला हे सुताराचं काम, सुतार म्हणाला हे गॅरेजचं काम. चाचांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि गाडी ढकलत घरी आणली. आठ महिने खपून त्यांनी मागचा संपूर्ण सांगाडा सागवानात नव्याने केला.

हे सगळं मला गेल्या वर्षी कळलं, गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली तेव्हा. मागच्या खेपेला तपासणीच्या साहेबांनी लाकडात स्क्रूड्रायव्हर खुपसून बघितला होता आणि कागदावर सही करताना म्हटलं होतं की पुढच्या वेळी फर्निचर आणू नका. चाचा ते विसरले नव्हते. चाची रोज एकदा विचारायच्या की गुरुवारचं काय. मी उत्साहानं सांगितलं, गाडी पन्नासहून जास्त वर्षांची आहे, विंटेज म्हणून नोंदवू. दहा वर्षं चिंता नाही, वर मानही मिळेल. नियम मी वाचला होता. म्हणजे अटी वाचल्या होत्या. नियमाला शेवटचं पानही होतं.

अट एकच अडचणीची होती. सांगाडा मूळचा हवा.

अर्जाला मोजमापं जोडायची म्हणून एका रविवारी मी टेप घेऊन गाडीभोवती फिरले. कंपनीचं जुनं माहितीपुस्तक चाचांकडे होतंच. मागच्या भागाचं एकही माप त्याच्याशी जुळेना. दीड मीटरला पंधरा मिलिमीटर जास्त. एक मीटरला दहा. मी टेप बदलली, मग चष्मा पुसला, शेवटी सगळे आकडे भागून पाहिले. प्रत्येक माप शंभराला एक जास्त. छप्पर, दारं, खिडक्या, सगळं. पुढच्या पत्र्याशी जिथे लाकूड मिळतं तिथे दोन्ही बाजूंना एक निमुळती पट्टी इतकी बेमालूम बसवलेली की ती मुळातलीच वाटावी.

चाचांनी कपाटातून एक पोलादी पट्टी काढून माझ्या हातात दिली. ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. प्रत्येक वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच तशी असते. तिच्यावरचे शंभर म्हणजे खरे एकशे एक. गाडीचा सांगाडा करताना चाचांनी सवयीनं तीच पट्टी वापरली होती.

"कळलं कधी तुम्हाला?" मी विचारलं.

"काच बसेना तेव्हा," ते म्हणाले. "मग काच मोठी कापून घेतली."

"आणि गाडी तशीच ठेवलीत?"

"थंड व्हायची वाट बघतोय. तीस वर्षं झाली."

सांगाडा मूळचा नाही हे आता मला माहीत होतं. तरी मी अर्जात 'मूळ रचनेनुसार' असं लिहिलं. वाक्य खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. कॉलेजात प्रकल्प अहवाल लिहिताना ही भाषा शिकवावी लागत नाही, आपोआप येते. चाचांना मी बजावलं की साहेब काहीही म्हणाले तरी हो म्हणायचं. चाचींनीही बजावलं, अधिक थोडक्यात.

विंटेज नोंदणीच्या समितीकडून तपासायला पानसे नावाचे गृहस्थ आले. जुन्या गाड्यांतले जाणकार. त्यांच्याकडे स्वतःच्या चार जुन्या गाड्या आहेत, त्यामुळे ते रिक्षानं आले. इंजिन बघितलं, क्रमांक ताडून पाहिले, गाडीखाली टॉर्च मारली. चाचा प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होते. पेन उघडून सही करणार, एवढ्यात पानशांची नजर मागच्या दाराच्या कोपऱ्यावर गेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सांध्यावरून बोट फिरवलं. लाकडात लाकूड असं अडकवलेलं की नख जाणार नाही.

"हे बघा," ते मला म्हणाले, "याला म्हणतात इंग्रज कारागीर. साठ वर्षं झाली, केसाएवढी फट नाही. आपल्याकडचा असता तर चार खिळे ठोकून चहाला गेला असता."

मी चाचांकडे बघितलं. त्यांनी हो म्हटलं नाही.

दारात उभ्या चाचींनी खाकरून बघितलं. गुरुवार, गठ्ठे, दहा वर्षांची निश्चिंती, सगळं त्या खाकरण्यात होतं. चाचा पुढे झाले आणि त्यांनी त्या कोपऱ्यावर हात ठेवला.

"साहेब, तो सांधा माझा आहे."

पानसे हसले. म्हणाले, गाडीवर जीव असला की असं वाटतं माणसाला.

चाचा आत गेले आणि पट्टी घेऊन आले. एक टोक त्यांनी पानशांना धरायला लावलं. आपल्या पट्टीनं मापं घेत गेले, माहितीपुस्तकाशी मिलिमीटर न् मिलिमीटर जुळवून दाखवली. मग माझी टेप मागितली आणि तीच मापं पुन्हा घेतली. प्रत्येक वेळी शंभराला एक जास्त. पानशांनी पट्टी आणि टेप शेजारी शेजारी धरून स्वतः ताडून पाहिलं.

"हे मला सांगायची काही गरज होती का?" त्यांनी अखेर विचारलं. "मी सही करत होतो."

"करा की. पण मग खिळ्यांचं परत घ्या."

पानशांनी पेन फिरवलं आणि 'सांगाडा मूळ नाही, स्थानिक सुताराने केलेला' असं लिहिलं. चाचांनी वाकून वाचलं आणि सुतार हा शब्द चुकीचा असल्याचं नम्रपणे सांगितलं. पानशांनी तो खोडून 'पॅटर्नमेकर' लिहिलं. मग चाचांचं पूर्ण नाव विचारून तेही लिहिलं. आणि कोणी सांगितलेलं नसताना, 'काम उत्कृष्ट' असं लिहून त्याखाली अर्ज नामंजूर केला.

मी विचारलं, आता गाडी घरीच ठेवायची का. पानशांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती पुण्यात फुकट मिळते.

"बाई, मंजूर झाली असती तर घरी ठेवावी लागली असती. विंटेज गाडी रोजच्या कामाला चालत नाही. पेट्रोल भरायला, दुरुस्तीला आणि प्रदर्शनाला, एवढंच. शेवटच्या पानावर आहे. इंजिनियर ना आपण?"

चाचींनी पानशांना चहा दिला आणि माझा आत राहिला.

साधी नोंदणी महिनाअखेरीस झाली. या वेळच्या साहेबांनीही स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला; सागवानात तो शिरला नाही. ते लाकडावर एकदा ठोकून म्हणाले, दरवाजा चांगला आहे, घराला कुठे मिळेल असा. मान अर्थातच नाही, कागदावर गाडी इतर जुन्या खटाऱ्यांच्या रांगेत आहे, आणि पाच वर्षांनी हे सगळं पुन्हा.

नामंजुरीचा कागद चाचांनी लॅमिनेट करून मागच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलाय. दार उघडलं की गठ्ठ्यांच्या वर तो दिसतो. परवाच्या गुरुवारी मी त्यांच्याबरोबर स्वारगेटला गेले. गठ्ठे उतरवताना एक तरुण मोबाइल काढून फोटो घ्यायला लागला आणि त्यानं विचारलं, "अंकल, विंटेज आहे का?"

"नाही," चाचा म्हणाले. "विंटेज असती तर घरी असती."

त्यानं आणखी एक फोटो काढला, पुढून, जिथे चाचांनी काहीच केलेलं नाही. चाचांनी त्याला खांद्याला धरून मागे नेलं, दार पुरतं उघडलं आणि कागद नीट येतोय ना, ते बघून घेतलं.