अण्णांचा डाग

रंगारी भिंत खरवडायला पुढे झाला आणि मी आडवा आलो. "तेवढा डाग सोडा हं, आमच्या आजोबांचा आहे."

खिडकीशेजारी भिंतीवर तेलाचा एक गोल डाग आहे. अण्णा तिथंच डोकं टेकून बसायचे. त्यांची काठी, चष्मा कुठं गेला कोण जाणे, पण खोबरेल तेवढं भिंतीत मुरून राहिलं. घराण्याचा वारसा म्हणून पाहुण्यांनाही मी तो डाग दाखवतो, आवाज जरा खाली आणून.

"काय जपतोयस रे बाबा?" आत्या म्हणाली. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी. "अण्णा जन्मात खुर्चीवर बसले नाहीत. सतरंजीवर बसायचे. एवढ्या उंच डोकं टेकायला उभ्यानं झोपत होते की काय?"

तिनं माझ्या रोजच्या खुर्चीमागचा रद्दीचा गठ्ठा सरकवला. तिथं बराच खाली दुसरा डाग होता, फिकट, विसरलेला. म्हणजे वरचा माझा! इतकी वर्षं मी माझ्याच डोक्याचं कौतुक करत होतो.

माझा पार गोंधळ उडाला. माझा डाग पुसावा, तर भिंतीला टेकायची खोड त्यांचीच. ठेवावा, तर कुणाची आठवण म्हणून? काही सुचेना, म्हणून जमिनीवर बसलो आणि डोकं मागं टेकलं. ते बरोबर खालच्या डागावर आलं. डोळे आपोआप मिटले.

"झालं!" आत्या रंगाऱ्याला म्हणाली. "आता याला सोडून बाकीची भिंत रंगव."