मांडीवरची मरीया

आज मी जो काही आहे तो गायकवाड गुरुजींमुळे आहे. नगर जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा गावात ते शाळेत शिकवत आणि रविवारी आमच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये उपासना चालवत. माझ्या आईवडिलांना अक्षरओळख नव्हती. मला वाचायला शिकवलं ते गुरुजींनी, तेही क्रमिक पुस्तकाआधी पवित्र शास्त्रातून. दहावीचा फॉर्म भरायची मुदत संपत आली तेव्हा ते माझ्यासाठी तालुक्याला चालत गेले होते. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. परळला बिऱ्हाड आणि रे रोडला मालाची कागदपत्रं बघण्याची नोकरी, हे सगळं त्या एका माणसाच्या पायपिटीचं फळ आहे.

गुरुजींची एक शिस्त होती. देवाविषयी कुणी काही बोललं की ते विचारत, "शास्त्रात कुठं आहे? पानावर बोट ठेवून बोल." बोट ठेवता आलं नाही तर गप्प बसायचं. मूर्तींविषयी मात्र त्यांचा आवाज बदलायचा. एकदा ते म्हणाले होते, "आपल्या आज्याला देवळाच्या पायरीवर उभं राहू देत नव्हते. मूर्तीला आपला विटाळ व्हायचा. या पुस्तकाला झाला नाही." हे वाक्य मी मुंबईला येताना बरोबर आणलं. त्यामुळे रोमन कॅथलिक लोकांच्या चर्चमधले मरियेचे आणि संतांचे पुतळे पाहिले की मला नुसतं चूक वाटत नसे, आत कुठेतरी दुखत असे. हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी जे केलं ते वाचणाऱ्याला कळेल. मी ते द्वेषाने केलं नाही. पण केलं.

आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर शेजारच्या खोलीत सेसिलिया मावशी राहतात. मूळच्या सावंतवाडीकडच्या, रोमन कॅथलिक. यजमान गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. ऑक्टोबर महिन्यात त्यांच्या लोकांत मरियेची मूर्ती घरोघर नेतात. रोज संध्याकाळी एका घरी ती ठेवायची, शेजारच्या बायकांनी जमून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी मूर्ती पुढच्या घरी पोहोचवायची. कुणाकडे कधी, याची यादी आधीच ठरते. गेल्या वर्षी तेव्हा माझी बायको रूथ आठव्या महिन्यात होती. मावशींनी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता मला सांगितलं, "बुधवारी आमची सायबीण तुमच्याकडे येतली हां. रूथच्या पोटाक बरा."

मी म्हटलं, "मावशी, आमच्यात नाही चालत. आम्ही थेट प्रभूकडे मागतो."

"थेट? बरा. कोणाच्या घरात शिरलंस तर त्याच्या आयशीक नमस्कार करूचो नाय?"

"देव आणि माणसात मध्यस्थ एकच आहे. तसं लिहिलंय."

"मग परवा माका कित्याक सांगलंस, मावशी, रूथसाठी प्रार्थना करा म्हणान? मी कोण? मध्यस्थच मा?"

मी म्हटलं, तुम्ही जिवंत आहात, संत मेलेले आहेत. त्यावर त्यांनी चिमटा तोंडातून काढून माझ्याकडे पाहिलं. "मेलेली माणसा देवाकडे पण मेलेलीच आसतत काय रे झिला?"

मी आवाज चढवला. शास्त्रात नाही ते मी मानत नाही, असं म्हणालो. मावशी हसल्या. "तुझा शास्त्र काय आभाळातसून पडला? कोणीतरी सांभाळून ठेवल्यान म्हणान तुझ्या हातात इला." मग माझा चेहरा बघून त्या नरमल्या आणि तुमचं नाव यादीतून काढायला सांगते म्हणाल्या. त्यांनी सांगितलंही. पण यादी कुणी बदलली नाही. बुधवारी सकाळी कामाला निघालो तर जिन्याखालच्या फळ्यावर त्या दिवसापुढे आमचाच खोली नंबर.

मी तसाच तीन मजले परत चढलो आणि रूथला म्हटलं, "संध्याकाळी त्या बायका येतील. कडी लावून घे. दार वाजलं तरी उघडू नकोस."

"आणि त्या दारात उभ्या राहतील? शेजारच्या बायका?"

"रूथ, मूर्ती एकदा आत आली की दर वर्षी येईल."

बुधवारी संध्याकाळी गिरगावात आमचा शास्त्राभ्यास असतो. रूथचे दिवस भरत आल्यापासून मी तिथे जाणं थांबवलं होतं. त्या दिवशी मुद्दाम गेलो. घरी असतो तर दारात उभं राहून नाही म्हणावं लागलं असतं आणि मावशींच्या तोंडावर तसं म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं. म्हणून ते काम मी बायकोवर आणि एका कडीवर सोपवलं. फोन बंद करून पिशवीत ठेवला, तशी आमच्यात पद्धतच आहे. त्या संध्याकाळी मी कोरीव मूर्तींविषयीच्या आज्ञेवर बोललो. फार चांगलं बोललो. गुरुजींचं विटाळाचं वाक्य सांगितलं तेव्हा दोघातिघांनी डोळे पुसले. तसं मी त्याआधी कधी बोललो नव्हतो.

बाहेर येऊन फोन चालू केला तर पडदाभर मावशींचंच नाव. लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "तू खय होतस? हॉस्पिटलात ये. रूथक आत नेल्यानी."

गिरगावातून परळपर्यंत टॅक्सीत मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. मला स्तोत्रंच्या स्तोत्रं पाठ आहेत. एक ओळ आठवली नाही. डोळ्यांसमोर सारखी आमच्या दाराची कडी येत होती, मीच बसवून घेतलेली, नवी, घट्ट. मला वाटत होतं, रूथने माझं ऐकलं असेल आणि दार फोडण्यात वेळ गेला असेल.

हॉस्पिटलच्या बाकावर मावशी बसल्या होत्या. साडीला रक्त लागलं होतं आणि मांडीवर आमच्या घरातल्या टॉवेलात गुंडाळलेली ती मूर्ती होती. काय झालं ते त्यांनी तुटक तुटक सांगितलं. फळ्यावरचा नंबर बघून पाच बायका मूर्ती घेऊन वर आल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. हाक मारली तर आतून कण्हण्याचा आवाज. रूथ मोरीजवळ पडली होती, एकाएकी पोटात कळ येऊन रक्त जायला लागलं होतं आणि फोन खाटेवर राहिला होता. दोघींनी तिला उचललं, एकीने खाली धावत जाऊन टॅक्सी थांबवली. मूर्ती कुणाकडे द्यायला वेळ नव्हता, म्हणून तीही टॅक्सीत आली.

तेवढ्यात नर्सने रूथबरोबरच्या बाईमाणसाला बोलावलं. मावशी उठल्या आणि मूर्ती माझ्यापुढे धरली. "धर रे."

मी धरली. दुसरं काय करणार होतो? बाकावर ठेवली असती तर घसरून पडली असती.

तासाभराहून जास्त वेळ ती माझ्या मांडीवर होती. प्लास्टरची, हातभर उंच, निळा रंग घड्यांमध्ये उडालेला, नाकाचा टवका गेलेला. मी तिची प्रार्थना केली नाही. हे मी माझी बाजू राखायला सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगतो. त्या वेळी मला कुणाचीच प्रार्थना करता येत नव्हती. चर्चेत हरण्याची भीती, गुरुजींना काय वाटेल याची भीती, सगळं गळून गेलं होतं आणि उरलं होतं ते एवढंच, की आत जे चाललंय त्यातलं काही माझ्या हातात नाही. मग मनात आलं, हिच्याही हातात काय होतं? देवदूताने सांगितलं तेव्हा ती हो म्हणाली आणि पुढे मुलाला मरताना बघत वधस्तंभाखाली उभी राहिली. हे सगळं पुस्तकात आहे. मी शंभर वेळा वाचलं होतं आणि दर वेळी तिच्यावरून घाईने पुढे गेलो होतो, कारण ती समोरच्या लोकांची आहे असं मला वाटायचं. टॉवेल सरकत होता तो मी नीट केला आणि मनात एकच वाक्य आलं: प्रभू, तू म्हणशील तसं. मी आयुष्यात केलेली ती सगळ्यात लहान प्रार्थना असेल.

साडेनऊच्या सुमारास डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलगी झाली होती, वजनाला कमी, काचेच्या पेटीत ठेवली होती. रूथचं रक्त फार गेलं होतं पण धोका टळला होता. त्या म्हणाल्या, "अजून थोडा उशीर झाला असता तर दोघींचंही कठीण होतं. कुणी आणलं वेळेवर?" मी मावशींकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, "देवान." आणि माझ्याकडे वळून, "तुझ्याच देवान हां. घाबरू नको."

तिसऱ्या दिवशी मी रूथला कडीचं विचारलं. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "लावलीच नाही. दारात आलेल्या बायकांसमोर दार बंद ठेवायचं माझ्याच्यानं झालं नसतं. मी त्यांना पाणी देणार होते आणि सांगणार होते, आमचे हे नको म्हणतात." मग म्हणाली, "तुम्हाला न सांगता केलं. रागावलात?" मी तिचे पाय धरले. ती म्हणाली, "अहो, नर्स बघतेय."

याचा अर्थ काय लावायचा ते मी ठरवलेलं नाही. यादीतली एक चूक म्हणा, योगायोग म्हणा. मी आजही गिरगावलाच जातो, जपमाळ म्हणत नाही, आणि बोट पानावरच ठेवतो. पण कृपा कुठल्या दाराने यावी हे मी ठरवायला निघालो होतो आणि ती मी बंद करायला सांगितलेल्या दारानेच आली, एवढं मला दिसलं. येत्या ऑक्टोबरच्या यादीत आमचा नंबर धरा, असं मी मावशींना सांगून ठेवलं आहे. तेर्स चालू असेल तेव्हा मी मागे जमिनीवर बसेन. मावशींनी माझ्याकडून याहून जास्त काही मागितलेलं नाही.

गुरुजींना मुलगी झाल्याचं कळवलं होतं, बाकीचं नाही. चार महिने धीर झाला नाही. शेवटी हे पत्र पाठवलं.

"ती. गुरुजींना सा. न.

मुलगी आता बरी आहे, हसते. रूथची तब्येतही सुधारली आहे. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली होती ती सांगतो. त्या दिवशी रूथला ज्या बायकांनी वाचवलं त्या रोमन होत्या आणि मरियेची मूर्ती घेऊन आमच्या घरी आल्या होत्या. त्यांच्यासाठी दार उघडू नको असं मी रूथला सांगून गेलो होतो. रूथने ऐकलं नाही म्हणून ती आज आहे.

हॉस्पिटलमध्ये ती मूर्ती तासभर माझ्या मांडीवर होती. तुम्ही मला सांगितलं होतं की आपल्या आज्याचा मूर्तीला विटाळ व्हायचा. गुरुजी, हिला माझा झाला नाही. नाकाचा टवका गेलेली गरीब बाई आहे ती, रक्ताने भरलेल्या साडीवर बसून आली होती. मला तिचा विटाळ झाला का, ते तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते मी ऐकून घेईन. पुस्तक तुम्हीच माझ्या हातात दिलंत.

मुलीचं नाव मरीया ठेवायचं आहे. लूकच्या पहिल्या अध्यायावर, जिथे ती देवदूताला हो म्हणते तिथे, बोट ठेवून हे लिहितो आहे.

तुमच्या हातून बाप्तिस्मा व्हावा अशी आम्हा दोघांची इच्छा आहे. प्रवास झेपणार नसेल तर आम्हीच बाळाला घेऊन गावी येतो. बरोबर सेसिलिया मावशी येतील. त्या पहिल्या बाकावर बसतील आणि हातात जपमाळ असेल. आपल्या चर्चचं दार त्यांच्यासाठी उघडं असेल ना, एवढंच कळवा.

तुमचा विद्यार्थी"